दावं तुटलं की सोडलं?

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. ब्रह्मपुरी तालुक्यात नदीकाठच्या गावात शेती करतो, जमेल तसं लिहितो. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला, तेव्हाची आजोबांची गोष्ट मी लिहिली. रात्री पाणी गोठ्यात शिरलं. नाव आली. आजी पहिल्या खेपेला गेली. दुसऱ्या खेपेला आजोबा निघाले, पण बैलांना नावेत जागा कुठून असणार? आजोबांनी दोघांची दावी सोडली आणि नावेत बसले. चौथ्या दिवशी एक बैल परत आला, दुसरा आला नाही. दिवाळी अंकात गोष्ट छापून आली, लोकांनी फोन करून सांगितलं की रडू आलं. आता मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, आमचं मंडळ तिचं नाटक करतंय. गोष्टीतली वाक्यं मी निवेदकाला दिली आहेत. तो माइकवर सांगतो आणि नट तसं करून दाखवतात. तालमीत कोणाला काहीच वाटत नाही. दिग्दर्शक म्हणतो, 'निवेदन काढ, सगळं दाखव.' पूर कसा दाखवू? प्रसंग तोच, माणसं तीच, मग कागदावर जिवंत असलेलं स्टेजवर का मरतं? (नाव छापू नका.)

उत्तर

भाऊ,

पत्र वाचलं, सोबतचं कात्रणही वाचलं. गोष्ट चांगली आहे हे आधीच सांगतो, कारण पुढे मी तिची बरीच मोडतोड सुचवणार आहे.

मी अठरा हंगाम झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंय. दिवाळी झाली की वडशाला कंपन्यांची कार्यालयं उघडतात. मग होळीपर्यंत आज हे गाव तर उद्या ते, रात्री दहाच्या पुढे पडदा आणि पहाटे कोंबडं आरवायच्या सुमारास शेवट. प्रॉम्प्टरला नट अर्धेच दिसतात, पण प्रेक्षक चांगले दिसतात. कोणत्या वाक्याला शाल डोक्यावर ओढली जाते आणि कोणत्या वाक्याला शेंगदाण्याची पुडी हातातल्या हातात राहते, हे त्याला दिग्दर्शकापेक्षा जास्त कळतं. त्या भरवशावर सांगतो.

आधी तुमच्या तालमीचं. निवेदक म्हणतो, 'म्हातारा उठला, गोठ्यात गेला, त्यानं दावं सोडलं.' तुमचा नट उठतो, जातो, सोडतो. बघणाऱ्याला एकच गोष्ट दोनदा मिळते आणि दोन्ही वेळा अर्धीच. कानाला आधी कळलं की डोळ्याला काम उरत नाही. शिवाय 'सोडलं' हा शब्दच बघा. तो सगळं होऊन गेल्यानंतरचा शब्द आहे. गोष्ट सांगणारा कोरड्यात उभा असतो, पूर ओसरलेला असतो, कोण वाचलं आणि कोण गेलं हे त्याला ठाऊक असतं. त्याच्या आवाजात जो शांतपणा येतो तो त्यातूनच, आणि तुमच्या गोष्टीला रडू आलं तेही त्या शांतपणामुळेच. नाटकात कोरड्यात कोणीच नसतं. म्हाताऱ्याचा हात दाव्याच्या गाठीवर आहे आणि तो ती सोडेल की नाही हे त्याचं त्यालाही ठाऊक नाही, नाटकाकडे तेवढाच क्षण असतो. तुमचा निवेदक त्या क्षणाआधीच निकाल सांगून मोकळा होतो.

आता दिग्दर्शकाचं. 'सगळं दाखव' हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय आणि त्यापायी इतकी नाटकं बुडताना पाहिली आहेत, की त्या दोन शब्दांची मला भीती वाटते. सगळं दाखवता येत नाही, आणि अडचण फक्त पैशाची नाही. तुमच्या गोष्टीतलं मला सर्वांत आवडलेलं वाक्य हे: 'दर पावसाळ्यात नदी एकदा ओसरीपर्यंत यायची, आजी तिला हळदकुंकू वाहायची आणि ती परत जायची.' हे दाखवा बघू! रंगमंचावर 'दर पावसाळ्यात' नसतं, 'यायची' नसतं, 'नेहमी' नसतं. तिथे आज असतं, एकच. आजी एकदा कुंकू वाहताना दिसेल. पण ती दरवर्षी वाहते हे कसं कळणार? एक तर कोणीतरी तसं बोलायला हवं, नाहीतर तिच्या हातात पन्नास वर्षांची सवय दिसायला हवी: पाण्याकडे न बघता, सुनेला भाजीत मीठ किती ते सांगत सांगत ती चिमूट टाकते आणि पदराला बोटं पुसते. ही जागा तुमच्या नटीला जमली तर निवेदकाचं एक पान वाचेल.

'नाही'चंही तसंच. 'त्या रात्री आजोबा रडले नाहीत.' कागदावर पाच शब्द आणि वाचणाऱ्याच्या घशात आवंढा. स्टेजवर न रडणारा माणूस म्हणजे नुसता उभा असलेला माणूस. आधी दुसरं कोणीतरी रडावं लागतं, मग त्यांच्याकडे कोणीतरी वाट बघत पाहावं लागतं, तेव्हा कुठे त्यांचं न रडणं दिसायला लागतं. आणि तुम्ही तीनदा वापरलेला 'बिचारा' हा शब्द तर काढूनच टाका. नाटकात तो शब्द बघणाऱ्याच्या वाट्याचा आहे.

सप्ताहातलं कीर्तन आठवा. बुवा एकटेच, राम तेच आणि कैकेयीही तेच. पण ते पुरते कैकेयी कधीच होत नाहीत. 'म्हणाली' या शब्दाच्या उंबरठ्यावर उभं राहून आत डोकावतात, तिच्या आवाजात दोन वाक्यं बोलतात आणि परत आपल्यात येतात. जाता जाता सरपंचाला एक टोमणाही देऊन घेतात. नटाला तो उंबरठा नसतो, तो आतच असतो. तुमचं नाटक फसतंय ते याच ठिकाणी. निवेदक उंबरठ्यावर, नट आत, आणि दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत.

एवढं वाचून वाटेल की गोष्टीकडे सगळंच आहे आणि नाटकाकडे काही नाही. तसं नाही. गोष्टीत ज्याचं नाव घेतलं नाही तो माणूस तेवढा वेळ नसतोच. तुमच्या गोष्टीत आजी पहिल्या पानावर आहे, पहिल्या खेपेच्या नावेत बसते आणि मग थेट शेवटी येते. मधली चार पानं तिचं काय चाललंय हे कोणी विचारत नाही, आणि वाचताना मलाही विचारावंसं वाटलं नाही. स्टेजवर आजीला खाटेवर बसवा आणि अर्धा तास एक शब्द देऊ नका. लोक तिच्याकडे बघतच राहतील. सून बोलत असताना आजी काय करते, आजोबांचं नाव निघालं की तिचा हात थांबतो का, हे सगळं त्यांना दिसत असतं.

याचा दाखला आपल्याच मातीतला आहे. संस्कृत नाटककार भवभूती स्वतःला विदर्भातल्या पद्मपूरचा म्हणवतो, आणि ते गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं पद्मपूर असं मानतात. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात सीता रंगमंचावर आहे, पण भागीरथीच्या वरामुळे रामाला ती दिसत नाही. राम मूर्च्छा येऊन पडतो, ती स्पर्श करते, तो शुद्धीवर येतो. स्पर्श ओळखीचा आहे, माणूस मात्र दिसत नाही. आपल्याला दोघंही दिसतात. हेच गोष्टीत लिहायचं तर 'ती तिथेच होती, पण त्याला दिसत नव्हती' असं म्हणावं लागेल. पुढे राम चार वाक्यं बोलला की सीता वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटेल, तिला पुन्हा आणायला पुन्हा नाव घ्यावं लागेल. रंगमंचावर ती निसटत नाही.

आणि हाच भवभूती सांगायचं ते बिनदिक्कत सांगतो. पहिल्या आणि दुसऱ्या अंकाच्या मध्ये बारा वर्षं जातात. ती तो दाखवत बसत नाही. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आत्रेयी नावाची तापसी वनदेवता वासंतीला भेटते आणि तिच्या बोलण्यातून आपल्याला लव-कुश कळतात, वाल्मीकी रामायण रचताहेत हे कळतं. पण ती हे का सांगते ते बघा. तिची तक्रार आहे! ही दोन पोरं इतकी हुशार, की त्यांच्याबरोबर शिकणं तिला झेपत नाही. गुरुजी रामायणात गुंतलेले. म्हणून बाई वेदान्त शिकायला अगस्त्यांच्या आश्रमाकडे निघाली आहे. बारा वर्षांची हकीकत आपल्याला एका विद्यार्थिनीच्या गाऱ्हाण्यातून मिळते. तुमच्या निवेदकाला असं काही गाऱ्हाणं आहे का? तो सांगतो, कारण तुम्ही त्याला कागद दिलाय. माझं म्हणणं एवढंच आहे: स्टेजवर सांगणं चालतं, फक्त सांगणाऱ्याला सांगायची गरज हवी, आणि ऐकणाऱ्याला ते ऐकून काहीतरी व्हायला हवं.

भरताच्या नाट्यशास्त्रातच म्हटलंय की युद्ध, राज्य जाणं, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष आणू नयेत, प्रवेशकातून कळवाव्यात. प्रवेशक म्हणजे दोन अंकांच्या मधला छोटा प्रसंग, ज्यात लहानसहान पात्रं येऊन मधल्या काळातलं बोलून जातात. तुमच्या पुराला हाच नियम लावा. भासाच्या नावावर असलेलं 'ऊरुभंग' हे छोटं नाटक मिळालं तर वाचा. भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध त्यात कोणी खेळत नाही. तीन सैनिक येऊन त्याचं वर्णन करतात. दिसतो तो मांड्या मोडलेला, फरफटत येणारा दुर्योधन. आणि त्याचं लहान पोर धावत येतं आणि म्हणतं, मला मांडीवर बसायचंय. बाप नको म्हणतो. गदा मांडीवर पडताना दाखवली असती तर लोकांनी गदा कापडाची की लाकडाची ते पाहिलं असतं. (मरण मात्र भासाने रंगमंचावरच दाखवलंय. शास्त्राचं किती ऐकायचं हे त्याचं त्याने ठरवलेलं दिसतं.)

तर पडद्यामागे निळं कापड हलवायचा बेत असेल तर तो सोडा. टिनाच्या पत्र्यावर वाळू ओतून पाण्याचा आवाज करतात, तो चालेल, पण थोडाच. आणि बैल. तुम्ही लिहिलं नाही, पण मंडळातल्या कोणीतरी 'खराच बैल आणू' असं म्हटलं असणारच, दरवेळी कोणीतरी म्हणतं. एका गावी मी खरा बैल स्टेजवर आलेला पाहिलाय. नायिका सासरी निघाली होती, पेटीवाल्याने सूर धरला होता, आणि बैलाने जे करायचं ते स्टेजवर केलं. त्यानंतर पहाटेपर्यंत त्या नायिकेकडे कोणी गंभीरपणे पाहिलं नाही. बैल अभिनय करत नाही. तो आला की नाटक थांबतं आणि बैल सुरू होतो.

मग काय करायचं? मी असं करून पाहिलं असतं. पूर ओसरलाय. घरात चिखल, भिंतीवर पाण्याची रेघ. एकही बैल अजून आलेला नाही, आजी ओले तांदूळ पसरतेय. तलाठी पंचनाम्याला आलाय. आजोबांनी आजीला सांगितलंय की पाण्याच्या ओढीने दावी तुटली. हे तुमच्या गोष्टीत नाही, मी रचतोय. पण आजी पहिल्या खेपेला गेली होती, तिने काही पाहिलेलं नाही, म्हणजे ही जागा तुम्हीच मोकळी ठेवली आहे.

तलाठी : बैल बांधून होते का सुटे?
आजोबा : बांधून होते.
तलाठी : मंग दावं तुटलं असंन पान्याच्या जोरानं.
सून : (घाईने) हो साहेब, तुटलंच.
(आजोबा खुंटीवरचं दावं काढतात, हातात धरून बघतात.)
आजोबा : तुटलं कोठी? हे काय, अख्खं हाय.
(आजीचा हात तांदळावर थांबतो.)
तलाठी : मंग?
आजोबा : म्या सोडलं.

यानंतर आजोबांना पूर सांगावाच लागेल: नाव किती लहान होती, पाणी कुठवर आलं होतं, बैलाने मान कशी वळवली. तुमच्या निवेदकाची बरीचशी वाक्यं इथे जशीच्या तशी बसतील, पण आता ती फुकट नाहीत. तलाठ्याला सांगताना आजोबा खरं तर आजीला सांगताहेत आणि तिच्याकडे बघत नाहीत. सुनेला वाटतंय की 'सोडलं' लिहिलं तर मदत बुडेल. (नियम खरोखर काय आहे ते तुमच्या तलाठ्याला विचारून घ्या, नाटकाला सुनेची भीती पुरते, पण पहिल्या रांगेत तलाठी कार्यालयातलाच माणूस बसला तर चूक तिथल्या तिथे दाखवेल.) पूर असा प्रेक्षकांना म्हाताऱ्याच्या तोंडून कळतो, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळंच काही घडत असतं: पन्नास वर्षांच्या संसारातलं एक खोटं उघडं पडत असतं.

बैल परत येतो तेही बाहेर ठेवा. गळ्यातल्या घाटीचा आवाज, आधी लांब, मग जवळ. आजोबा आवाजावरून ओळखतात की कोणता आला. आणि इथे तुमची एक चूक सापडली: गोष्टीत बैलांना नावं नाहीत. 'एक बैल', 'दुसरा बैल' कागदावर खपून गेलं. घरातला माणूस बैलाला 'बैल' म्हणून हाक मारत नाही, भाऊ. खरी नावं आजोबांना विचारा. नाव उच्चारलं की लोकांना कळेल कोण आला आणि त्याच क्षणी हेही कळेल की कोण आला नाही. त्यासाठी वेगळं वाक्य लिहू नका, लिहाल ते मी येऊन खोडीन.

प्रश्न राहतो तो सराव कसा करायचा याचा. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात एक खेळ केलाय. होमरच्या 'इलियड'च्या सुरुवातीला क्रायसिस नावाचा म्हातारा पुजारी आपली मुलगी सोडवायला येतो आणि सेनापतीपुढे हात जोडतो. होमर त्या दोघांच्या तोंडचे शब्द देतो. प्लेटो तोच प्रसंग एकही संवाद न ठेवता नुसता सांगून दाखवतो: पुजारी आला, त्याने विनवणी केली, सेनापती रागावला. तुम्ही याच्या उलट करा. तुमच्या गोष्टीतलं एक पान घ्या आणि त्यातलं फक्त बोलणं ठेवा. जे बोलण्यात मावलं नाही त्याची यादी करा. यादीतलं काही नटाच्या हालचालीत जाईल, काही सामानात (ते अख्खं दावं तसंच आलं), काही कोणाच्या तरी गाऱ्हाण्यात. उरेल ते गोष्टीचंच आहे. ते गोष्टीत राहू द्या, छापून आलंय, हरवणार नाही.

आणखी एक, हे आपल्या भागातल्या नाटकापुरतं. वाचणारा चुकला तर पान मागे उलटतो. तुमचा प्रेक्षक रात्री एक वाजता चहा प्यायला उठतो, परत येतो तेव्हा तलाठी आलेला असतो. दावं तुटल्याचं आजीला सांगितलंय ही गोष्ट किमान दोनदा कानावर पडू द्या, एकदा गंभीर आणि एकदा विनोदी नटाच्या तोंडून. झाडीपट्टीत विनोदी नटाला लोक हलकं समजत नाहीत. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. गाणं ठेवायचं असेल तर आजी कुंकू वाहते तिथे ठेवा. 'म्या सोडलं' नंतर पेटीवाल्याला हात लावू देऊ नका, कितीही म्हटला तरी.

आणि निवेदक काढवतच नसेल, ती वाक्यं फार जवळची असतील, तर नाटक करू नका. एक खुर्ची ठेवा आणि तुम्ही स्वतः बसून वाचा. चाळीस मिनिटं लोक ऐकतील. ते मी मनापासून सांगतोय, टोमणा नाही.

दावं मात्र दुकानातून नवं आणू नका. आजोबांकडे ते जुनं असेल तर मागून घ्या, आणि का हवंय तेही सांगा. प्रयोगाची तारीख कळवा. मला पुढची खुर्ची नको, विंगेत प्रॉम्प्टरशेजारी पोतं टाकलं तरी चालेल, तिथून आजी नीट दिसेल.